घरून घालून यायचं

मंडळाला स्वतःची जागा नव्हती, शिक्का नव्हता, आणि जे काही कामकाज चाले त्याला कामकाज म्हणणं जरा जास्तच झालं असतं. नियम मात्र एक होता आणि तो लोखंडी होता: घरून घालून यायचं.

मंडळ होतं जुन्या काळचे कपडे शिवणाऱ्यांचं आणि अर्थातच घालणाऱ्यांचं. दीडशे वर्षांपूर्वी माणसं काय घालून हिंडत, ते जुन्या चित्रांत आणि संग्रहालयातल्या काचेला नाक लावून शोधायचं, हातानं शिवायचं, आणि वर्षातून एकदा बागेतल्या मधल्या रस्त्यावरून ते घालून सावकाश फेरी मारायची. बस्स. यानं कोणाचं काही बिघडत नव्हतं आणि कोणाचं काही सुधारतही नव्हतं. त्यामुळे गावातल्या बाकीच्या मंडळांपेक्षा हे मंडळ पुष्कळच बरं होतं.

नियम काढला होता सेनापतींनी. सेनापती म्हणजे धंद्यानं दातांचे डॉक्टर. फेरीच्या दिवशी ते पितळी गुंड्यांचा लाल डगला घालत आणि छातीवर इतकी पदकं लावत, की एवढ्या लढाया जिंकून हा माणूस दाढा का उपटतोय असा प्रश्न पडावा. कपड्यांची तपासणीही तेच करत. दवाखान्यातला तो लांब दांड्याचा छोटा आरसा घेऊन यायचे आणि बाहीत, कॉलरमागे, अस्तराखाली फिरवायचे. "हं. इथे किडलंय," म्हणायचे. ज्याचं किडलेलं असे तो मुकाट्यानं मशीनची शिलाई उसवायला बसे.

"बागेत येऊन कपडे बदलणं म्हणजे नाटक," सेनापती दर सभेत सांगत. "आपण नाटकवाले आहोत का? नाही. त्या काळची माणसं घरी कपडे घालून घराबाहेर पडत. जिना, रस्ता, गर्दी, सगळ्यांतून त्या कपड्यांत आलात, तर तुम्ही पोशाख घातला. नाहीतर नुसता खुंटीला टांगला. खुंटी म्हणजे तुम्ही, आणि खुंटी काही मंडळाची सभासद नसते."

सगळे माना डोलवत. काकूही डोलवत. फक्त काकू डोलवून घरी गेल्यावर आजारी पडल्यासारख्या बसून राहत.

काकू म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. टेलिफोन कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी गेली. खिडकी अशी होती की लोकांनी त्यांना कायम छातीच्या वरच पाहिलं. कमरेखाली या बाईला काही आहे की नाही, याची कोणी कधी चौकशी केली नाही. निवृत्त झाल्यावर काकूंनी मंडळात नाव घातलं आणि सगळ्यांत पहिल्यांदा शिवायला घेतला तो घेराचा झगा. आतून वेताच्या कड्यांचा पिंजरा, वरून खाली रुंदावत जाणारा, आणि त्यावर गर्द जांभळं कापड. खालचं कडं एवढं मोठं की त्यात दोन माणसं उकिडवी बसून पत्ते खेळू शकली असती. इतकी वर्षं लपलेला भाग आता लोकांसमोर येणार होता, आणि आल्यावर सगळ्यांचा रस्ता अडवणार होता.

पण येणार कसा? पहिल्या वर्षी काकू झगा घालून दारापर्यंत गेल्या. जिन्यात कोणाची तरी पावलं वाजली. काकू आत आल्या आणि मंडळाला ताप आल्याचं कळवून टाकलं. दुसऱ्या वर्षी जिना उतरून तळमजल्यापर्यंत पोचल्या, तर समोरून चिरंजीव. "आई, आत चल," एवढंच तो म्हणाला, आणि काकू खरंच आत गेल्या. गेल्या याचं त्यांना त्याच्यापेक्षा जास्त नवल वाटलं.

मंडळात तिसऱ्यांदा चुकलं की माणूस प्रेक्षकांत. म्हणजे बागेतल्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायच्या. काकूंना खुर्चीचं भय नव्हतं, जन्म खुर्चीतच गेला होता. भय वेगळं होतं. दोनदा उलटी फिरलेली बाई तिसऱ्यांदा फिरली, तर पुढे तिला कोणी 'आत चल' म्हणावंही लागणार नाही. ती आपली आपणच जाईल.

म्हणून या वर्षी काकूंनी सकाळीच पाय रोवले. झग्याची पाठ नाडीनं आवळावी लागे आणि ती स्वतःची स्वतःला आवळता येत नसे. हे काम यजमानांकडे होतं. यजमान पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. बायकोच्या या छंदाबद्दल त्यांनी आजवर बरं-वाईट एक अक्षर काढलं नव्हतं. पाइप आवळावा तशी त्यांनी नाडी आवळली.

"श्वास घेतेयस?"

"घेतेय."

"मग अजून जागा आहे." त्यांनी आणखी एक वेढा ओढला. "आता?"

"आता... नाही."

"झालं तर. गळती बंद." आणि त्यांनी अशी गाठ मारली की खात्यातल्या कोणालाही ती सुटली नसती.

तेवढ्यात चिरंजीव खोलीतून बाहेर आला. चिरंजीव बँकेत होता, बढतीच्या वाटेवर होता, आणि त्यामुळे त्याला सगळीकडून कोणीतरी बघतंय असं वाटत असे.

"आई, हे पुन्हा?"

"पुन्हा."

"बरं, मी गाडीनं सोडतो. कपडे पिशवीत घे, तिकडे जाऊन घाल."

"घरून घालून जायचं असतं."

"कोण बघायला येतंय, तू घरून घातलंस की तिकडे?"

"मी असते ना तिथे बघायला."

चिरंजीवानं बापाकडे पाहिलं. बाप वर्तमानपत्रात शिरला होता. मग त्यानं घराघरांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं अस्त्र काढलं. "लोक काय म्हणतील?"

"अरे, जन्मभर तक्रारींच्या खिडकीत बसले मी. लोक काय म्हणतात ते सगळं मला पाठ आहे. आता काही नवीन म्हणतात का, ते ऐकायला चाललेय."

"पुढच्या गल्लीत आमचे साहेब राहतात, आई."

"मग सांग त्यांना, ओळखत नाही म्हणून. शेजारची कोणीतरी आहे म्हणून."

"आई!"

"बघ, किती पटकन ओळखलंस."

काकूंनी दार उघडलं. घेराच्या झग्याला दारातून न्यायची एक रीत असते: एक बाजू हातानं दाबायची, की दुसरी बाजू उचलली जाते, आणि बाई तिरकी बाहेर पडते. उचलल्यावर आतलं दिसतं. काकूंनी त्याचीही तजवीज केली होती. आतही दीडशे वर्षांपूर्वीचंच होतं, घोट्यापर्यंत, झालरीसकट. पाहणाऱ्याला लाज वाटली तर तो त्याचा प्रश्न.

उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं. जिन्यात कोणाची तरी पावलं वाजत होती. त्यांनी दार मागे ओढून घेतलं. कुलूप खट्कन बसलं.

पावलं इमारतीच्या सेक्रेटरींची होती. काकू लिफ्टमध्ये शिरल्या, आणि लिफ्ट भरली. सेक्रेटरी बाहेरच राहिले.

"काकू, ही लिफ्ट चार माणसांची आहे."

"मी एकच आहे."

"पण जागा चौघांची घेतलीत."

"मग हरकत काय? चौघांचीच आहे ना?"

सेक्रेटरींना याचं उत्तर सुचेपर्यंत लिफ्ट खाली गेली होती. ते त्यांना संध्याकाळी सुचलं असं म्हणतात.

रस्त्यावर मात्र अंग चोरायला लिफ्ट नव्हती. सबंध रस्ता काकूंकडे वळला. चहाच्या दुकानासमोर टवाळ पोरं उभी होती, आणि टवाळ पोरांना असा दिवस काही रोज मिळत नाही.

"ओ काकू, तंबूत आणखी कोण कोण आहे?"

"तुझी आई," काकू न थांबता म्हणाल्या. "विचारतेय, परीक्षेचं काय झालं?"

बाकीची पोरं त्या पोरावर हसली. पुढे एक आजोबा थांबून म्हणाले, "या वयात?" काकू म्हणाल्या, "त्या वयात वेळ नव्हता." फुटपाथ अरुंद होता. समोरून येणारी माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहत होती आणि काकू मधून जात होत्या. काकूंच्या ध्यानात आलं की आजवर भिंतीला पाठ लावायचं काम त्यांच्याकडे होतं.

बसमध्ये कंडक्टरनं हात आडवा केला. "हे सामान मागच्या दारानं."

"हे सामान नाही, ही मी आहे."

कंडक्टरनं खालून वर आणि पुन्हा वरून खाली पाहिलं. सामान कुठे संपतं आणि बाई कुठे सुरू होते हे त्याला ठरवता आलं नाही. त्यानं हात काढला. बसचं दार लागताना झग्याची कड त्यात अडकली, टर्रकन फाटली आणि वर काळं ग्रीस लागलं. तो काठ त्यांनी एकेक टाका घालून दुमडला होता. पण बस चालू लागली होती, आणि बसला काठाचं काय!

बसायचा प्रश्नच नव्हता. बसलं की पिंजरा पुढून थेट नाकापर्यंत येतो. काकू मधोमध उभ्या राहिल्या. बस माणसांनी फुगली होती, तरी त्यांच्याभोवती वेताच्या कड्याएवढं रिकामं रिंगण राहिलं. इतक्या वर्षांच्या बसप्रवासात पहिल्यांदाच त्यांना कोणाचं कोपर लागलं नाही, कोणाचा हात 'चुकून' लागला नाही. दांडीला लोंबकळणारी एक बाई बराच वेळ ते रिंगण बघत होती.

"कुठे मिळतं हो हे?"

"मिळत नाही. शिवावं लागतं."

"शिकवाल का? मला सणासुदीला नको, रोजच्या बसला पाहिजे."

बस बागेच्या मागच्या फाटकाशी थांबत असे. मंडळाचे बाकीचे लोक नेहमी पुढच्या फाटकानं येत आणि गाड्या बागेच्या चार कोपऱ्यांत लावत. पण त्या दिवशी पाइपलाइनसाठी पुढचा सगळा रस्ता खणला होता. ज्याला गाडी लावायची त्याला मागच्या मोकळ्या पटांगणातच लावावी लागत होती.

काकू फाटकातून तिरक्या आत शिरल्या आणि थांबल्या.

पटांगणात मंडळाच्या सगळ्या गाड्या उभ्या होत्या. सगळ्यांच्या डिक्या उघड्या होत्या. आणि प्रत्येक डिकीमागे एकेक सभासद कपडे बदलत होता. ग्रंथपालबाई, ज्या दरवर्षी उमरावीण होत, त्या जीनची पँट पायातून ओढत एका पायावर उड्या मारत होत्या. विम्याचं काम करणारे गृहस्थ गुडघ्यापर्यंत सरदार आणि वर बनियन होते. आणि मधोमध, लाल डगल्यात, पदकांसकट, खाली नुसती चट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी घालून सेनापती उभे होते. पितळ उघडं पडणं म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की पितळेच्या गुंड्यांनी जेवढं झाकलं होतं तेवढंच झाकलेलं होतं.

गंमत अशी की काकूंना पाहून ते दचकले नव्हते. ते आधीच एकमेकांना पाहून दचकलेले होते. इतकी वर्षं प्रत्येकानं आपापल्या कोपऱ्यात गाडी लावून कपडे बदलले होते. 'आपण एकटेच चोर, बाकी सगळे पक्के' असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि त्या लाजेपोटी प्रत्येकजण सभेत जास्त जोरानं मान डोलवत होता. एका पाइपलाइननं सगळ्यांच्या झाकल्या मुठी एकदम उघडल्या.

"काकू!" ग्रंथपालबाई म्हणाल्या. "तुम्ही अशा... कुठून आलात?"

"घरून."

"अशाच?"

"नियम आहे ना."

एका गाडीची डिकी हळूच बंद झाली. मग सेनापतींनी तुमान चढवली. तुमान चढताच त्यांचा आवाज परत आला.

"मंडळी, जमलोच आहोत तर एक विषय घेऊ. आपला तो नियम. काळ बदललाय. रहदारी वाढलीय. माझ्या मते हा नियम आजपासून रद्द करावा. काय?"

"अगदी बरोबर," सरदार बनियनमधूनच म्हणाले.

"मी हे कधीपासून म्हणणार होते," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"तर सर्वानुमते..."

"सर्व नाही," काकू म्हणाल्या. "मी आहे."

सेनापती हसले. दाढ काढायच्या आधी हसत, तसे. "काकू, तुम्ही आलात घरून, कौतुक आहे. पण ते आता लागणार नाही. उलट पुढच्या वर्षी तुमचाच त्रास वाचेल."

काकूंना एकेक आठवलं. पहिल्या वर्षीचा तो खोटा ताप, ते 'आत चल', लिफ्ट, चहाचं दुकान, बसचं दार. आणि हे लोक म्हणत होते, ते लागणार नाही. जी वस्तू आत्ता कुठे त्यांची झाली होती, ती हे फुकट वाटायला निघाले होते.

"माझा त्रास राहू द्या माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "माझी हरकत आहे."

"ठीक. मग सर्वानुमते नाही, बहुमतानं."

"बहुमत कोणाचं?"

"सभासदांचं."

"सभासद कोण? जो घरून घालून आला तो. बाकीच्या खुंट्या. हे माझं नाही, तुमचं वाक्य आहे. मग बघा बरं, इथे आज सभासद किती?"

पटांगणातले सगळे एकमेकांकडे बघू लागले. बघण्यासारखं फारसं नव्हतं.

"एक," काकू म्हणाल्या. "ठराव मताला टाकते. बाजूनं कोणी नाही. विरोधात मी. ठराव फेटाळला."

सेनापतींनी खिशातून आरसा काढला. दुसरं शस्त्र त्यांच्याजवळ नव्हतं. ते वाकले, काकूंच्या काठाशी गेले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे काय? फाटलंय! ग्रीस! चिखल! काकू, या अवस्थेत तुम्ही तपासणीत बसतच नाही."

"नीट बघा. ग्रीस बसच्या दाराचं. चिखल तुम्ही गाडीत बसून चुकवलात त्या रस्त्याचा. दीडशे वर्षांपूर्वी बायका काय उडत जात होत्या? दाखवा बरं तुमची कड. काय लागलंय तिला? डिकीतल्या रबराचा वास."

सरदारांना हसू आवरलं नाही. ते लगेच गाडीआड गेले.

"अहो पण लोक खुर्च्यांवर येऊन बसलेत!" सेनापती आता कळवळून बोलत होते. "फेरी तर झाली पाहिजे!"

"होईल. मी आहे ना. तुम्ही बसा. खुर्च्या आहेत. नियम चुकलेला माणूस प्रेक्षकांत, हेही तुम्हीच सांगितलंय. नाहीतर घरी जा, घालून या. मी दुपारपर्यंत फेऱ्या मारतेच आहे."

आणि काकू मधल्या रस्त्याला लागल्या.

एकट्या बाईची मिरवणूक कशी दिसते हे खुर्च्यांवरच्या लोकांनी कधी पाहिलं नव्हतं. आधी कोणाला कळेना, सुरुवात झाली की कोणी चुकून आलंय. मग जांभळा घेर रस्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत डुलत येताना दिसला. त्याच्यामागे आणखी माणसं असती, तरी ती दिसली नसती. कोणीतरी फिस्कन हसलं. काकू त्याच्यासमोर थांबल्या, खिडकीतून पाहत तसं पाहिलं आणि म्हणाल्या, "बोला, काय तक्रार आहे?"

"नाही, काही नाही," तो गृहस्थ म्हणाला आणि सावरून बसला.

मग टाळ्या वाजल्या. फार नाही. पण ज्या वाजल्या त्या सगळ्या त्यांच्या एकटीच्या होत्या, वाटणी नव्हती.

काकूंच्या कितव्याशा फेरीला मागच्या फाटकाशी बस थांबली आणि तिच्यातून ग्रंथपालबाई उतरल्या, पूर्ण उमरावीण. टोपी चेपलेली, एक पीस गायब, तोंड लालबुंद.

"घरी गेले, घातलं, आले," त्या धापा टाकत म्हणाल्या. "बसमध्ये एकानं विचारलं, सर्कस कुठे उतरलीय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, तिकीट काढलंत का?"

"चला मग," काकू म्हणाल्या, आणि घेर जरा दाबून त्यांना शेजारी जागा करून दिली.

सेनापती आले नाहीत. ते साध्या शर्टात खुर्चीवर बसले होते. पदकं खिशात होती. टाळ्या वाजवल्या की ती खुळखुळत, म्हणून ते जपून टाळ्या वाजवत होते. पण वाजवत होते.

फेऱ्या संपता संपता चिरंजीव आला. हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर शोधाशोध केल्याचे भाव. गर्दीकडे पाठ करून तो आईच्या जितका जवळ उभा राहता येईल तितका राहिला. म्हणजे वेताच्या कड्याच्या बाहेर, बराच लांब.

"झालं ना मनासारखं? तुझे कपडे आणलेत. तिकडे माळ्याची खोली आहे, बदल आणि चल. गाडी लावलीय."

"तसं बघितलं तर," खुर्चीतून सेनापती म्हणाले, "नियम येण्याचाच आहे. जाण्याबद्दल काही ठरलेलं नाही."

"तुम्ही बसा," काकू म्हणाल्या.

त्यांनी पिशवी घेतली, उघडून पाहिली. कपडे व्यवस्थित घडी घातलेले होते. वर त्यांची रोजची चप्पलही कागदात गुंडाळून ठेवली होती.

"घड्या तू घातल्यास?"

"हो. का?"

"छान घातल्यास."

चिरंजीवाला हायसं वाटलं. तो पुढे चालू लागला, आणि आई मागून येतेय म्हणून त्याला आणखी हायसं वाटलं. गाडीशी आल्यावर काकूंनी पुढचं दार उघडलं. पिशवी सीटवर नीट बसवली. तिच्याभोवती पट्टा ओढून लावला. दार बंद केलं.

"यांना सांभाळून घरी ने."

"आणि तू?"

"मी आले तशी जाणार."

"आई, आता अख्खा रस्ता भरलेला असेल. सकाळच्या शाळा सुटल्यात, कचेऱ्यांची जेवणाची सुट्टी झालीय, सगळे बाहेर असतील."

"असू देत," काकू म्हणाल्या. "सकाळी जे झोपले होते, त्यांचं बघायचं राहिलंय."

आणि एक बाजू हातानं दाबून, दुसरी उचलून, त्या फाटकातून तिरक्या बाहेर पडल्या.